मांडवखेडचा रंग

७ फेब्रुवारी १९५४, रविवार

स्वतःच्या हातानं केलेलं, आजपर्यंत —

लाकडी तराजू, लहान-मोठे, बरेच. कापसाचा मोठा काटा एक. इचोड्याच्या अडत्याकडे अजून बिनतक्रार चालतो. सायकलच्या चाकाचं मोजणीचं चाक. रॉकेलच्या डब्याचं पाऊस मोजायचं भांडं. बाभळीच्या सालीची शाई. कुंचला, वासराच्या कानातल्या केसांचा. शिसवाची डबी, मालनच्या पाटल्या ठेवायला — झाकण इतकं घट्ट की पाण्यात टाकली तरी आत थेंब जायचा नाही. आणि नकाशा. भीमपूरकडच्या आमच्या पट्ट्यातली गावं, ओढे, विहिरी, गाडीवाटा. कागद एकमेकांना जोडून कणकेच्या खळीनं मांजरपाटावर चिकटवलेले.

हे लिहायचं कारण: यशवंतराव वकील आज आदिलाबादहून आले. नकाशा पाहिला, चष्मा कपाळावर चढवला.

"माणिकराव, हा कोणाकडून करून घेतलात?"

"मीच केला."

"शिकलात कुठं?"

"कुठंच नाही."

हसले. वाईट नाही, पण हसले. काटे दुरुस्त करत बाजार-बाजार फिरणारा माणूस मी. उर्दू गिरदावराच्या कचेरीबाहेर बसून शिकलो, तेलुगू बाजारात, मोजणी एका मोडक्या साखळीवर. हे त्यांना सांगितलं नाही. इथं लिहून ठेवतो.

काम असं. राज्यांची फेरमांडणी व्हायची आहे. हैद्राबाद राज्य भाषेप्रमाणे वाटलं जाणार म्हणतात. वकिलांची सरहद्द समिती आयोगाला निवेदन धाडणार, त्याला जोडायला नकाशा हवा — कोणत्या गावात कोणती बोली. मराठी गाव लाल, तेलुगू निळं. गोंडी हिरवं, हे मी घातलं. वकिलांच्या कागदात गोंड नव्हतेच.

मी फुकट काम करत नाही हे आधीच सांगितलं. नकाशाची मजुरी घेईन. रंग मात्र गाव सांगेल तो. "अर्थातच," म्हणाले.

१० फेब्रुवारी

लाल — गेरू. निळा — कपड्यांची नीळ. हिरवा — नीळ आणि हळद. हळद उन्हात उडते. बेहड्याचं पाणी घालून पाहिलं. बरं आहे.

१८ फेब्रुवारी

आमचं गाव लाल. वाद नाही. त्याच्या वरची दोन हिरवी.

आज मांडवखेड. ओढ्यापलीकडे, मालनचं माहेर. तिचे भाऊ चंपतराव तिथले पाटील. चावडीत सतरंजी, चहा, पान. पाटील लोडाला टेकून म्हणाले, "जवाईबुवा, लिवा. सारं गाव मराठी. झालं तुमचं काम, आता जेवाले चला."

मी म्हणालो, घरागणिक विचारणार. मग एकेक जण येऊन बसला. बोली कोणती? "मराठी." बोली कोणती? "पाटील म्हनले तेच लिवा." दुपारपर्यंत गाव संपलं. लाल.

घरी सांगितलं. मालन भाकरी थापत होती, थांबली. "म्हंजे आमचं आन् तुमचं गाव एकाच रंगात."

"हो."

"रंग येगळा निघता तं?"

तर कदाचित ओढ्यावरून सीमा जाती, असं म्हणालो.

"मंग नाका बसता."

तिची आत्या पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात दिली होती. निजामाच्या अमलात घाटावर करोडगिरीचा नाका. आत्या माहेराला आली की कारकून बोचकं सोडायचा, नव्या लुगड्याची घडी मोडून पाहायचा, जकात मागायचा. आत्यानं येणं सोडलं. सणाला घाटाच्या पल्याड उभी राहायची, ही मंडळी अल्याड. मालन लहान होती. "आमी इकडून हात करो," म्हणाली.

नाके आता उठले, असं मी सांगितलं.

"बसवले तवा तरी कोनी सांगून बसवले होते?"

जे ठाऊक नाही ते मी सांगत नाही.

२३ फेब्रुवारी

मांडवखेडला पाटलांचा काटा नीट करायला गेलो. वाटेत पोशट्टीचं खळं. ज्वारीची मळणी चाललेली. पोशट्टी बैलांमागे फिरत होता — "तिरुगु, तिरुगु... आगु." फिर, फिर, थांब — शुद्ध तेलुगू.

चावडीत याच पोशट्टीनं मला मराठी लिहायला लावलं होतं. विचारलं, काऊन?

दोर न सोडता म्हणाला, "चावडीत कागद घेऊन बसेल मानसाले पाटील सांगते तेच सांगाव लागते. निजामातबी तसंच होतं. कागद लवकर आटपते, मानूस घरी जाते."

म्हणजे मी घरागणिक बोली लिहिली नाही. एकट्या पाटलांचं उत्तर लिहिलं, गावात जितकी घरं तितक्या वेळा.

गेरू पुसला जात नाही. मांडवखेडवर नवा कागद चिकटवला. कडा दिसत नाहीत, हात फिरवला तरच कळतं.

२६ फेब्रुवारी

नवी पद्धत. कोणाला काही विचारायचं नाही. खळ्यांवरून, गाडीवाटेवरून हिंडायचं आणि माणूस बैलाशी कोणत्या बोलीत बोलतो ते ऐकायचं. बैलापुढे पाटील नाही, कागद नाही. बैलाशी कोणी सोंग करत नाही. ही युक्ती कोणत्या पुस्तकात असेल असं वाटत नाही.

३ मार्च

मांडवखेड, बैलांवरून — अर्ध्याहून जास्त निळं.

५ मार्च

मालनला सांगितलं. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बैलावरून माहं माहेर निळं केलं तुमी?"

तेव्हापासून बोलत नाही. भाकरी वेळेवर.

८ मार्च

चंपतराव आले. घोंगडीवर बसले, सुपारी कातरली.

"जवाईबुवा, माहे बैल कोन्या बोलीत चालते?"

"तेलुगूत. मी स्वतः ऐकलं."

"मंग मी तेलंगी झालो?"

बाहेर पोशट्टी गाडी धरून उभा होता, त्याला हाक मारली. "सांग रे यायले." पोशट्टीनं सांगितलं: पाटलांची जोडी निर्मळकडून आणलेली. तिकडं शिकलेले बैल. मराठीत हाकललं तर उभेच राहतात. त्याच्या स्वतःच्या गाडीचा डावा निर्मळचा, उजवा वऱ्हाडातला. "डाव्याले येगळं बोलतो, उजव्याले येगळं. दोघं मिळून गाडी वढते."

चंपतराव पोट धरून हसले. "लिवा! डावं चाक निळं, उजवं लाल."

म्हणजे बैलावरून बैलाचा बाजार कळतो, मालकाची बोली नाही. हे मला सुचायला हवं होतं. काट्याची दांडी तपासताना आधी पारडं रिकामं करून पाहतो. इथं पाहिलं नाही. युक्ती रद्द. पानं फाडली नाहीत, आडवी रेघ मारली.

९ मार्च

मालन बोलली. चुलीकडे पाहत — "खरं आयकाचं असन तं बायांचं भांडन आयका. भांडनात मानूस बोली निवडत नाही."

बोलणं मला होतं की चुलीला, कळलं नाही. पण बरोबर आहे.

१२ मार्च

मांडवखेडची विहीर. सकाळी जाऊन पिंपळाखाली बसलो. बायका गप्प. एकजण पदर सावरत म्हणाली, "मालनचे मालक आले. पानी पाहिजे का, पावने?" दुसरी — वच्छलाबाई, चंपतरावांची शेजारीण — "नाही वो, भांडनं लिवाले आले. आमची भांडनं हैद्राबादले धाडतात." सगळ्या हसल्या. मग मुद्दाम खोटं भांडण करून दाखवलं, अर्धं या बोलीत, अर्धं त्या.

निरुपयोगी. पण हसू आलं. मलाही.

१७ मार्च

हे पाच दिवस मांडवखेडमध्ये घराघरांत बसलो. जावई म्हणून बसलो, कागद नेला नाही. घरी आल्यावर लिहिलं.

जे दिसलं ते असं. पोशट्टी बायकोशी तेलुगू, पोरांशी मराठी. आई आजारी पडली तेव्हा देवीला तेलुगूत नवस, वैद्याला मराठीत दुखणं. वच्छलाबाईची सून निर्मळकडची. सासू मराठीत रागावते, सून तेलुगूत उत्तर देते, दोघींना सगळं समजतं. खुद्द पाटलांच्या घरात मालनची वहिनी नातवाला तेलुगू अंगाई म्हणते. पाटलांना हे ठाऊक नव्हतं. "माह्या घरात?" म्हणाले, आणि आत डोकावून आले.

एका गावाला एक रंग नाही. हे माझं मत नाही, पाहिलेलं आहे.

१९ मार्च

होळी झाली. आज मांडवखेडला पट्टे दिले — लाल, निळा, लाल, निळा. वासराच्या केसांच्या कुंचल्यानंच जमलं, दुसऱ्यानं रंग एकमेकांत गेले असते. नकाशातलं सगळ्यांत देखणं गाव तेच.

मालननं लांबून पाहिलं. "म्हंजे आमचं कोनतंच नाही."

"दोन्ही."

"दोन्ही कोन घेते?"

२३ मार्च

यशवंतराव आले. नकाशावर वाकून बराच वेळ पाहत होते. हे कौतुक मला आवडलं, खोटं कशाला लिहू.

मग पट्ट्यांवर बोट ठेवलं. "हे चालणार नाही. आयोगापुढे पट्टे म्हणजे शंका. मांडवखेड लाल असेल तर लाल भाग सलग होतो, ओढा मधे येत नाही. तुमच्या सासुरवाडीचंच भलं सांगतोय मी."

मी म्हणालो, गाव तसं नाही.

आवाज खाली आणला. समिती नकाशा छापणार. खाली माझं नाव छापणार, ठळक. मजुरीशिवाय वेगळी रक्कम. पारड्याखाली मेण लावून द्या म्हणणारे व्यापारी याच आवाजात बोलतात. नाही म्हणालो. रक्कम इथं लिहीत नाही; लक्षात ठेवण्यासारखी नाही.

जाताना म्हणाले, "पाडव्यानंतर माणूस पाठवतो. विचार करा."

नाव छापलेलं कसं दिसेल हे मात्र डोळ्यांपुढे आलं. एकदा नव्हे.

२४ मार्च

वकिलांचं बोलणं मालननं आतून ऐकलं होतं. आज म्हणाली, "लाल केलं असतं तं काय झालं असतं?"

मी सांगितलं, एका नकाशावरून सीमा ठरत नाही. आयोगाकडे असे ढीग जातील. माझ्याकडे कोणी पाहणारही नाही.

"कोनी पाहत नाही तं मंग खरं लिवाचा हट्ट कशाले?"

मी सांगितलं, माझं काम तसं आहे.

"तुमचं काम. अन् मी हात करत उभी राहू वढ्यावर."

रात्रीचं जेवण झालं.

२५ मार्च

भाकरी वेळेवर.

२९ मार्च

मालन चंपतरावांबरोबर आदिलाबादला गेली. पाडव्याच्या बांगड्या भरायला म्हणे. आमच्या बाजारातही भरतात. पण विचारलं नाही.

नकाशाच्या कोपऱ्यात उत्तर दिशा दाखवणारा बाण काढला. एक बाजू कणभर जाड झाली. खरवडून पुन्हा.

३१ मार्च

मालन परत. हातभर हिरव्या बांगड्या, कोपराकडे सरकवून भाकरी थापते. चांगल्या दिसतात. तसं म्हणालो. मान हलवली.

एवढ्या दिवसांनी आज जेवताना "आनखी वाढू का?" विचारलं. बरं वाटलं.

२ एप्रिल

नकाशा पुरा. हिरवा उडाला नाही.

४ एप्रिल, पाडवा

सकाळी मांडवखेडहून ताट आलं. पुरणाची पोळी, आणि शेजारी वाटीत तेलुगू उगादीची पच्चडी — कैरी, गूळ, कडुलिंबाचा मोहोर. दोन्ही एकाच वहिनीच्या हातचं. मालनला म्हणालो, पाहा, पट्टे. ती हसली नाही.

गुढी उतरवून आत आलो तर नकाशावर शिसवी डबी ठेवलेली, बरोबर मांडवखेडवर. मालन बाजूला उभी.

"वकिलाचे घेतले नाही. माहे घ्या. फुकट नाही सांगत. गाव लाल करा."

झाकण उघडायला नखं लावावी लागली. आत पाटल्या नव्हत्या. नोटा होत्या, घडी घातलेल्या.

नाही म्हणालो. ही रक्कम मात्र लिहून ठेवतो: तीनशे दहा रुपये.