औंदाची जाळी

आटपाडी,
८ जून २०२५

प्रिय फिरदोस आपा हिस,
धाकट्या अश्फाकचा सलाम वि. वि.

काल ईद झाली. तू नव्हतीस, घर रिकामं वाटलं. फोनवर हे बोलता येत नाही, कारण अब्बा शेजारीच पडून असतात. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची वाचा गेली, पण कानांना सगळं ऐकू येतं. म्हणून लिहितो.

मोहरमचे ताबूत महिन्यावर आले. गल्लीतल्या सूरजनं नि पोरांनी बांबूचा सांगाडा बांधलाय. त्यावर चढणारी कागदाची जाळी अब्बा दर साली नवी कापायचे. औंदा ती मला कापायची आहे आणि मला काही सुचत नाही. कात्री धरली की अब्बा बघतात, नि हात थांबतो. पेठेत लोक जाळीचं विचारतात, मी काहीतरी सांगून निसटतो. काय करू, कळत नाही.

माझ्या भाचीला, नौशीनला लाड. माया असू दे.
तुझा,
अश्फाक


पाटण,
१५ जून २०२५

चि. अश्फाक यास,
लय लय दुवा.

पत्र दोनदा वाचलं, तव्यावर भाकरी करपली. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, त्यांना सोडून मला येता येत नाही. इथं बसून नुसता जीव तुटतो.

नौशीनच्या शाळेत सांगलीच्या साक्षी मॅडम आल्या होत्या. कुणाचं चित्र, कुणाचं लिखाण अडलं की त्या त्याला पुन्हा कामाला बसवतात. त्यांना कोच म्हणतात. तुझे दुलाभाई हसले, म्हणाले कोच कुस्तीला असतो, कात्रीला कशाला. हसू देत. मी मॅडमना तुझा नंबर दिलाय. फोन आला की उचल.

अब्बांचे पाय माझ्या वाटचेही चेप. जिवाला जप.
तुझी,
आपा


आटपाडी,
९ जुलै २०२५

प्रिय आपा हिस,
सलाम वि. वि.

ताबूत थंड झाले, पाण्यात गेले. आता निवांत लिहितो.

साक्षी मॅडमचे फोन येत गेले. आधी म्हणाल्या की जाळीचा विचारच करू नका, नुसता कागद कापा नि टाकून द्या. तेही जमेना. मग त्यांनी विचारलं, बसता कुठं. अब्बांपाशी, म्हटलं. लहानपणापासून चुकलं की ते हातातला कागद काढून घ्यायचे, तेही सांगितलं. मॅडम म्हणाल्या की जागा बदला. अब्बांना टाकून उठणं जिवावर आलं. त्या म्हणाल्या, विचारून उठा.

विचारलं. अब्बांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. जा म्हणायचं होतं का रागावले, मला कळलं नाही.

सूरजच्या डाळिंबाच्या शेडमध्ये जाऊन बसलो. आधी रडलो. मग समोर झाडावर होती तशी फुलं कापत गेलो. बेढब झाली, पण जाळी झाली.

ताबूत दारावरून गेला तेव्हा अब्बांना खुर्चीवर उंबऱ्याशी आणलं. त्यांनी जाळीकडं लय वेळ बघितलं. डावा हात निम्मा उचलला, नि तो परत मांडीवर पडला. दुवा देत होते का कागद काढून घ्यायला निघाले होते, हे मला आता कधी कळायचं नाही.

काल पुन्हा कागद आणला. काम काहीच नव्हतं, तरी कापत बसलो.

सासूबाईंना आराम पडो. सवड काढून ये, नाहीतर दोन ओळी तरी लिही.
तुझा,
अश्फाक