धाकट्याचं तोडलेलं पाणी

आबा, तुम्ही जाऊन लई वर्षं झाली, तुमचा नातू तुम्ही बघितलाच न्हाई. दोन वर्षाचा हाय, तुमच्यावानी कपाळाला आठ्या घालून झोपतो. काल त्याला संभाजीनगरच्या दवाखान्यातून घरी आणलं. त्याला सारखा ताप यायचा, चड्डी कायम वल्ली. डॉक्टरीणबाईंनी इचारलं, "लघवीची धार कशी पडती?" मी म्हणलो, "मॅडम, धार कुठली, गळका नळ हाय नुसता." त्या हसल्या न्हाईत. म्हणल्या, मोबाईलवर शूटिंग काढून दाखवा. मंग मी दिवसभर पोरामागं मोबाईल घेऊन फिरलो. दोस्तायला सांगितलं, पिच्चर काढून राह्यलो, हिरो लई भाव खातो. शूटिंगमधी पोरगं कुथून कुथून लाल व्हतंय अन् पायावर नुसते थेंब. परत बघितलं तवा माझं बी हसू गेलं.

सोनोग्राफी झाली, नळीतून औषध सोडून फोटो काढला. बाई म्हणल्या, लघवीच्या वाटेत जन्मापासूनच पातळ पडदा हाय, पिशवी खाली व्हतच न्हाई, भरून सांडती. मी इचारलं, "म्हंजे त्याला जास्त येती म्हणून न्हाई?" "न्हाई. अडती म्हणून गळती."

तवा माझ्या डोळ्यापुढं माझा धाकटा भाऊ आला. आबा, कळपातल्या बोकडाचं मूत अडलं तर तुम्ही लांबूनच वळखायचे. शेपटी कशी हलवतो, पाठ कशी वाकवतो, एवढं बघून म्हणायचे, "ह्याचं तुंबलंय, धरा रे." टेंभुर्णीवरून लोक तुम्हाला बोलवायला यायचे. अन् घरात पोराची चड्डी वल्ली दिसली, तर तुम्हाला वाटलं ह्याला लई येती. दिवस मावळला की त्याचं पाणी बंद. आई रांजणावर ताट झाकून वर पाटा ठेवायची. तो म्हणायचा, "आबा, एकच घोट." तुम्ही म्हणायचे, "सकाळी पी बाळा, आता गप झोप." मारलं न्हाई तुम्ही त्याला कधी. उलट लोकं हसतील म्हणून त्याची गोधडी तुम्हीच घरामागं वाळू घालायचे. मंग त्याचं त्वांड सुजलं, पाय सुजले, अन् शाळंत नाव घालायच्या आधीच गेला. तुम्ही म्हणले, नजर लागली.

नातवाचा पडदा दुर्बिणीनं जाळला, वरून टाका बी न्हाई. नळी काढल्यावर पहिली धार बराबर सिस्टरच्या कपड्यावर. मी टाळ्या वाजवल्या, सगळे माझ्याकडं बघून राह्यले. पण तुंबलेलं उलटं वर चढून एक किडनी कमजोर झाली ती झालीच. दुसरी किती साथ देईल, बाई बी सांगत न्हाईत. तपासायला जात राहायचं अन् पाणी बिलकुल कमी पडू द्यायचं न्हाई, एवढंच.

हे तुम्हाला धाडायची सोय असती तरी धाडलं नसतं. तुम्हाला सोसलं नसतं. काल आई भाकरी थापून राह्यली व्हती. मधीच हात थांबवून म्हणली, "धाकट्याला बी हेच व्हतं का रे?" मी म्हणलो, "न्हाई गं, ते येगळं." एरवी माझं खोटं ती जल्दी धरती. काल धरलं न्हाई.