दाजींनी आवरलेली खोली

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकलो नाही. खोलीत टेबल नाही म्हणून पलंगावर मांडी घालून लिहितोय, पण मनाने वाकलोय असं धर.) तुझी पाठ कशी आहे? आईचा गुडघा? पोरांचा खोकला गेला का? दाजी सुखरूप पोचले असतील. त्यांची तब्येत मी विचारत नाही, ती उत्तमच असणार. दुसऱ्याची झोप उडवून स्वतः गाढ झोपणाऱ्यांच्या तब्येतीला काय होतंय? फोन सोडून पत्र का लिहितोय, तर तुझा फोन वाजला की तो उचलतात दाजी, आणि मला जे बोलायचंय ते त्यांच्याबद्दल आहे, त्यांच्याशी नाही. मोठ्यांचा मान मी ठेवतो. म्हणून पाठीमागे बोलतोय.

आधी मुद्द्याचं. तुम्ही सगळ्यांनी बसून जे ठरवलंय, की भोवऱ्याने, म्हणजे मी, हा काळ्या तव्यांचा, रेकॉर्ड जमवण्याचा नाद सोडावा, इथलं असेल-नसेल ते फुंकून टाकावं आणि परत येऊन दाजींच्या औषधांच्या गोदामात त्यांच्या हाताखाली खोकी मोजावीत, ते मला मान्य नाही. आजही नाही, उद्याही नाही. दाजी इकडे 'ऑफिसच्या कामाला' आले होते म्हणे. कसलं काम ते मला पहिल्याच संध्याकाळी कळलं. कामाला आलेला माणूस पलंगाखाली टॉर्च मारून बघत नाही. आणि मी काही इथे उंडारत नाही, ताई. मी लोकांची कपाटं जिन्यावरून खाली आणतो. सामान हलवणाऱ्या कंपनीत पट्टा खांद्यावर घेऊन सोफा वळणावरून वळवायचा म्हणजे काय असतं ते सातवीच्या भूमितीत नव्हतं, नाहीतर मी सातवी पास झालो असतो. लोक घर बदलताना काय काय टाकून देतात ते मी रोज बघतो. पहिली रेकॉर्ड मला अशीच मिळाली. एका शिवणकाम करणाऱ्या म्हातारीचं मशीन उचललं, तर खणात धाग्याच्या रिळांखाली एक रेकॉर्ड. म्हणाली, घेऊन जा, माझ्याकडे आता वाजवायला काही नाही. मी घेऊन आलो. तिथून जे चाक फिरलं ते फिरलंच.

आता तू विचारशील (दाजींनी विचारलंच), की एकाच गाण्याच्या पाच-पाच रेकॉर्ड कशाला लागतात रे? तर ऐक. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं हे जे गाणं आहे त्याला सोल म्हणतात. ज्या गळ्याने देवाला हाक मारायला शिकले, त्याच गळ्याने ही माणसं नवऱ्याशी भांडतात, एवढं समजलं तरी पुरे. त्यातल्या जिच्या एका गाण्याने मला वेड लावलंय, त्या बाईचं ते गाणं आधी निघालं एका टिचभर कंपनीतून, पिवळ्या लेबलवर. ते चालायला लागलं तशी एका मोठ्या कंपनीने ते उचललं आणि लाल लेबल लावून पुन्हा छापलं. पुढे लालातही दोन प्रकार झाले, एक जाड अक्षरांचा, एक बारीक. रेडिओवाल्यांना फुकट वाटायला पांढऱ्या लेबलची वेगळी काढली. मोठ्या कंपनीतल्या कुणा शहाण्याने छापताना सुरुवात जरा कातरली, म्हणजे गाणं चटकन सुरू व्हावं. पण पिवळ्या लेबलवर ते नाही कातरलेलं! तिथे आधी खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. ती बाई बसलेली असते, आणि गायला उठते. लाकडी खुर्ची, फरशीवर, खर्रकन. मागे कुणीतरी फिस्सकन हसतं आणि मग ती सुरू होते. पुढच्या सगळ्या छपायांमध्ये बाई आभाळातून पडल्यासारखी गाते. पिवळ्यात ती खोलीत असते, ताई. मी दिवसभर खुर्च्या उचलतो, मला खुर्चीचा आवाज कळतो. संध्याकाळी येऊन तेवढंच एकदा लावतो. खुर्ची सरकली की वाटतं, चला, कुणीतरी घरी आहे.

आणि ही खोली दाजींनी आवरली.

मी कामावर होतो. (एक पियानो आणि चार मजले, त्या दिवशीची मजा वेगळीच.) परत येतो तर दारातच दाजी, बाह्या दुमडलेल्या, तोंडावर असं तेज की जणू माझं लग्न लावून बसलेत. खोली आरशासारखी. म्हणाले, बघ, निम्मी जागा मोकळी केली, सगळा डुप्लिकेट माल काढून टाकला! प्रत्येक गाण्याची एक प्रत ठेवली, तीही सगळ्यात नवी आणि चकचकीत बघून. बाकीच्या खालच्या सलूनवाल्याला देऊन टाकल्या, त्याला भिंत सजवायची होती. मी पट्ट्यासकट खाली बसलो. दाजींना वाटलं थकलो, त्यांनी पाणी आणून दिलं. मी ते प्यालोही, मान ठेवायचा म्हणून. मग एवढंच म्हटलं की दाजी, तुमच्या गोदामात बाटलीवरचा बॅच नंबर बघितल्याशिवाय तुम्ही बाटली हलवत नाही, आणि माझ्या रेकॉर्डवर लेबलाशेजारच्या कोऱ्या पट्टीत तसाच नंबर कोरलेला असतो, तो नाही बघितलात? तर म्हणतात, अरे पण ही काय औषधं आहेत? दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाडीत बसले. मी त्यांची बॅग स्टेशनपर्यंत उचलली, तेही फुकटात.

तिथून तडक सलूनमध्ये. तिथे काय बघतो, तर आरशाभोवती माझ्या रेकॉर्डची फुलं! नुसती टांगली असती तर गोष्ट वेगळी. या गृहस्थाने प्रत्येकीला मागून गोंद फासून भिंतीला थापलं होतं. खुर्चीत एक गिऱ्हाईक, अर्धा गाल फेसाचा. मी स्टुलावर चढलो आणि शिवणाचा जाड दोरा घेऊन रेकॉर्ड आणि भिंत यांच्यामधून करवतीसारखा ओढायला लागलो. सलूनवाला ओरडतोय, अहो माझा नवा रंग! मी म्हणतोय, माझं जुनं गाणं! तो म्हणतो, तुमच्या दाजींनी प्रेमाने दिल्यात. मी म्हणालो, दाजींचं प्रेम मी चांगलं ओळखतो, तुम्ही आज ओळखा. गिऱ्हाईक बिचारं आरशातून एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत म्हणालं, आधी तेवढी दाढी पुरी करता का, मग तुमचं चालू दे. भिंतीचा गिलावा आला, पण रेकॉर्डही आल्या. फक्त सलूनवाल्याने लेबल बघून, चांगली बाजू कुठली ते न चुकता ओळखून, नेमकी तीच भिंतीला लावली होती. आता या सोडवून आणलेल्यांवर वाजतील ती सगळी गाणी मागच्या बाजूची. जी बाजू मी जन्मात लावली नव्हती. एका रेकॉर्डवर नुसता बाजा आहे, एकीवर कुणी तरी शिट्टी वाजवतं. एकटी पांढऱ्या लेबलची वाचली, कारण रेडिओवाल्यांसाठी दोन्ही बाजूंना तेच गाणं छापलेलं असतं. देव अगदीच झोपलेला नाही.

पण पिवळी नाही मिळाली, ताई. भिंतीवर नाही, कचऱ्यात नाही, सलूनच्या मोरीमागेही नाही. (मोरीमागे काय काय मिळालं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.) सलूनवाला शपथेवर सांगतो, जेवढ्या दिल्या तेवढ्या लावल्या.

तेव्हा घरी सगळ्यांना सांग. मी येत नाही. गोदामात तर नाहीच, सणावारालाही नाही. मी इथेच कपाटं उचलीन, उचलता उचलता लोकांच्या खणात हात घालीन, आणि एकाच गाण्याच्या दहा रेकॉर्ड जमवीन. दाजींनी मोठेपणा बाजूला ठेवून माफी मागितली, तरी उंबऱ्यात पाऊल ठेवणार नाही. हे माझे शेवटचे शब्द. थोरांना नमस्कार, पोरांना पापे, आणि दाजींना यातलं जे योग्य वाटेल ते.

तुझा,
भोवरा

ता.क. आईला सगळं वाचून दाखवू नकोस. गुडघ्याची चौकशी मोठ्याने वाच, 'मान्य नाही' जरा हळू.

ता.क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात सलूनवाला वर आला. गिलाव्याबद्दल भांडायला आला होता, पण भांडता भांडता त्याला आठवलं. म्हणतो, रेकॉर्ड देताना तुमच्या दाजींनी एक काढून घेतली आणि बॅगेत ठेवली. म्हणाले, आमच्या हिला पिवळा रंग फार आवडतो. ताई, लग्न झाल्यापासून त्यांनी तुझ्यासाठी आपण होऊन काही आणल्याचं मला आठवत नाही. आणलं, ते माझं!

ता.क. तिसरा. तिच्यावर कुंडी ठेवू नकोस. गरम भांडंही नको, ऊनही नको. भिंतीला तर अजिबात लावू नकोस. पोस्टानेही पाठवू नकोस, आणि पॅकिंगला दाजींना तर मुळीच बसवू नकोस. दाजींना सांग आवडली म्हणून. एवढ्या वर्षांनी सुचलंय त्यांना, उगाच हिरमोड नको. मी शनिवारच्या गाडीने येतोय, वाजवायचं मशीन मांडीवर घेऊन. तुम्हा लोकांसाठी येत नाहीये, हे लक्षात असू दे. आल्यावर तुला आधी खुर्ची ऐकवतो. मग नेणार तर मीच आहे, पण दाजी बाहेर गेले की.