भट्टी विझवायची नाही

मी, केदारनाथ नागप्पा शेटे, वय वर्षे सत्तावन्न, धंदा सिरॅमिकचे काम, राहणार कडा, तालुका आष्टी, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ते फिरले आहे असे माझा धाकटा भाऊ अमरनाथ गावभर सांगतो, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी धाक घालून लिहून घेतलेले नाही. मला धाक घालील असा माणूस या पेठेत नाही. फुफ्फुसे मात्र कामातून गेली आहेत, आणि हा उन्हाळा निघेल असे डॉक्टरही म्हणत नाहीत. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर, मागची भट्टीची खोली, भट्टीला वीज देणारे डिझेल इंजिन व बॅटऱ्या हे सर्व मी माझी पुतणी कुमारी रुद्राणी अमरनाथ शेटे हिला देत आहे. ती नगरहून बी.एस्सी. झाली. तिच्या बापाला ती एसटीडी बूथवर बसायला हवी होती. ती माझ्याकडे आली, आणि आज भट्टीतल्या चकतीवर तिच्यासारखा थर माझ्याच्यानेही लागत नाही. उमापूरच्या रस्त्याकडची शेतीही तिचीच. तिचे उत्पन्न आधी डिझेलला लावावे, मग पोटाला.

२. भट्टीत काय आहे ते एकदाचे लिहून ठेवतो, म्हणजे मी सोने करतो, बॉम्ब करतो ही बडबड थांबेल. आत रुपयाएवढी सिरॅमिकची चकती आहे. ती लालबुंद तापवून वीज सोडली की एका बाजूने आलेली वाफ फुटते. हायड्रोजन, म्हणजे बिनधुराचे इंधन, त्याच बाजूला राहतो, ऑक्सिजन चकतीतून पार होऊन दुसरीकडे निघतो. त्या दुसऱ्या बाजूला लँथनम, स्ट्रॉन्शियम व मँगनीजचा काळा थर असतो. जगभरचे रडगाणे एकच: ऑक्सिजन आतून धक्के मारतो आणि थर पापुद्र्यासारखा सुटतो. मी त्या काळ्या भुकटीत चकतीचीच पांढरी भुकटी कालवली, तळाशी जास्त, वर कमी, म्हणजे थर घट्ट धरतो. शाळूचे पीठ वस्त्रगाळ करून त्यात घातले. भाजताना पीठ जळून जाते, बारीक भोके उरतात आणि ऑक्सिजनला वाट मिळते. दिवाळीपासून ही चकती चालू आहे. थर सुटलेला नाही.

अक्षय तृतीयेनंतर माझा बनारसच्या कॉलेजातला वर्गमित्र माणसे व यंत्रे घेऊन येणार आहे आणि चालू भट्टीवरच मोजमाप करणार आहे. तोवर भट्टी गार होता कामा नये. गार झालेल्या चकतीचा थर सुटला, तर तो चालताना सुटला की गार होताना, हे कोणालाच सांगता येत नाही. मग माझे सगळे आयुष्य ही एका माथेफिरूची थाप ठरेल.

३. पुण्याच्या ज्या कंपनीत मी उमेदीची वर्षे घातली, तिथल्या साहेबांना माझ्या पहिल्या चकत्यांचे सुटलेले पापुद्रे पाकिटात घालून पाठवावेत. नवे धोरण आले, परदेशी कंपनीशी करार झाला आणि आमचा संशोधन विभाग बंद झाला. साहेब म्हणाले, "शेटे, बाहेरून तयार मिळेल तेव्हा घेऊ. वाफ फोडत बसायला कोणाला वेळ आहे?" मी खुर्ची उचलून त्यांच्या केबिनची काच फोडली. काच गेली, साहेब वाचले, याचे मला आजही वाईट वाटते. भट्टी त्यांनी भंगारात काढली होती. ती मी ट्रकमधून कड्याला आणली.

४. अमरनाथ नागप्पा शेटे यास माझ्या मिळकतीतला खिळाही मिळू नये. कारण लिहितो.

आमचे वडील लिंगैक्य नागप्पा दोन वर्षांपूर्वी माझ्या घरी वारले. जंगमांनी त्यांना आपल्या लिंगायत रीतीप्रमाणे बसवले, कपाळी भस्म लावले, पाठीमागच्या खुंटीला दोरी बांधून आधार दिला. घर बायामाणसांनी भरले होते. आपल्या धर्मात सुतक नाही असे जंगम सांगतात, पण मयताच्या घरात चूल पेटती ठेवायची नाही ही रीत सगळी पेठ पाळते. अमरनाथ समोरच्या त्याच्या नव्या घरातून आला तो भरलेली घागर घेऊनच.

"आप्पा गेलेत अन् तुजी चूल धडधडती हाय? लाज हाय का न्हाई बे?"

"ती चूल न्हाई. हात लावशील तर हात उपटून ठेवीन."

"रीत हाय ती!" असे म्हणून त्याने घागर लाल भट्टीवर उपडी केली.

आतली, चकती धरणारी नळी बंदुकीसारखी उडाली. एक कपची माझ्या डाव्या डोळ्यात शिरली. डोळा तिथेच गेला. वर्षभराचे काम गेले. मी सांडशी उचलून त्याच्या जबड्यावर हाणली, त्याचे दात तोंडातून सांडले. त्याने माझा गळा धरला. झोंबत झोंबत आम्ही पुढच्या खोलीत जाऊन आदळलो, दोरी तुटली आणि आप्पा आम्हा दोघांच्या अंगावर कोसळले. त्यांचे भस्म आमच्या रक्तात कालवले. माझी भावजय महादेवी किंचाळत होती, जंगम हात जोडत होते, आणि आम्ही बापाच्या प्रेताखालीसुद्धा एकमेकांना चावत होतो. शेवटी आप्पांना पेठेतल्या लोकांनी उचलले. आम्ही दोघे दवाखान्यात होतो. बापाला मूठमाती देणे दोघांच्याही नशिबी आले नाही. हे मी त्याला माफ करणार नाही. त्यानेही मला करू नये.

त्याची केबलची डिश मी पहारीने फोडली, ही पोलिसांतली तक्रार खरी आहे. पुन्हा बसवली तर पुन्हा फोडीन.

५. आता मुख्य कलम. परवा अमरनाथ माझ्या दारात उभा राहून बोलला, "तू गेलास की पैली ती भट्टी इझवणार. आप्पाला एक रीत अन् तुला दुसरी कावून?" त्याच्यामागे पेठ उभी राहील हे मला ठाऊक आहे. रुद्राणीने विचारले, "काका, समदी अंगावर आली तर मी एकटी काय करू?" मी म्हणालो, सांडशी तापवून ठेव, बाप असला तरी हाण. पोरगी रडली. मी तिच्यावर ओरडलो, आणि मग रात्रभर मला झोप लागली नाही. माझ्या भट्टीसाठी तिने बापाचे तोंड फोडावे हे मला नको आहे. एका घरात एवढे पुरे झाले.

म्हणून असे ठरवतो. जिथे मयत तिथे चूल नको, हे मान्य. डॉक्टरांनी मान हलवली की मला खाटेसकट उचलून समोर अमरनाथच्या घरी नेऊन टाकावे. मला त्याच्या घरात मरायचे आहे. रीत तिथे पाळा, चूल त्याची विझवा, बसवायचे ते तिथेच बसवा. त्याने दार उघडले नाही तर दार तोडावे. माझे घर त्या दिवशी मयताचे घर नसेल, म्हणून भट्टीला कोणी हात लावू नये.

याउपर काही सांगायचे उरलेले नाही. हे वाचून, समजून, साक्षीदारांसमक्ष सही करीत आहे.

(सही) केदारनाथ नागप्पा शेटे

मी अमरनाथ नागप्पा शेटे. डॉक्टरांनी कागद हातात दिला, वरचं समदं वाचलं, शिव्या बी वाचल्या. पाचवं कलम मंजूर हाय. दार तोडायचं काम न्हाई. पर दादा, मरायच्या दिवशी कावून येतो? आजच ये. खाट टाकलीय.

(सही) अमरनाथ नागप्पा शेटे

साक्षीदार:
१. (सही) डॉ. रामकिसन बाबूराव तांदळे, कडा
२. (सही) आसाराम विठोबा ढोबळे, कडा

ठिकाण: कडा
दिनांक: ११ फेब्रुवारी १९९८