पालीची बोटं

कोपरी, मंगळवार संध्याकाळ

हसू थांबतच नाहीये. ओट्यामागच्या टाइल्सवर पाल दिसली आणि आईने झाडू उचलला. मी ओरडले, "अगं थांब! आधी तिची बोटं बघ." मग सांगितलं, बोटांखालच्या बारीक पट्ट्यांनी तिला पकड मिळते. झाडावर, खडकावर ज्यांची पकड टिकली त्यांचीच पिल्लं जगली, आणि पिढ्यानपिढ्या बोटं तशी बदलत गेली. नीट सांगितलं ना मी? आई तर चष्मा लावून ती बोटं निरखत राहिली. मग तिने मावशीला फोन लावला. इतकी वर्षं सगळ्यांना "सायन्समध्ये काहीतरी करते" एवढंच सांगणारी माझी आई चक्क म्हणाली, "अगं, आमची मुलगी पालींवर पीएचडी करतेय!"