आत्यांचे इटालियन शब्द

प्रिय आत्या,

काल पावलो आला होता. वरच्या मजल्यावरचा आपला इटालियन भाडेकरू, चाकणच्या कंपनीत मशीन बसवायला आलेला, आठ महिने राहून गेलेला. मशीनच्या दुरुस्तीसाठी त्याला पुन्हा पाठवलंय. तुम्ही गेल्याचं त्याला ठाऊकच नव्हतं. तुमच्या फोटोला त्यानं हात जोडले. तो गेल्यावर मला राहवेना, म्हणून हे पत्र. सासूला पत्र लिहिणारी चिखलीतली पहिलीच सून असेन मी!

आठवतं? पहिल्याच दिवशी तुम्ही त्याला पिठलं-भाकरी पाठवलीत. ताट परत द्यायला आला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "ग्रात्सिए."

"काय म्हंतोय गं त्यो?" तुम्ही मला विचारलंत. मी शाळेत इंग्रजी शिकवते म्हणजे जगातल्या सगळ्या भाषा मला येतात, असाच तुमचा समज!

मी फोनवर शोधलं. "थँक्यू म्हणतोय, आत्या."

"भाकरीचं कसलं थँक्यू? उद्या पानी दिलं तरी म्हनंल!"

दुसऱ्या दिवशी पाणी दिलंत, आणि तो खरंच म्हणाला! किती हसलो होतो आपण.

मग तुम्हाला नादच लागला. ‘प्रेगो’ म्हणजे यू आर वेलकम, आणि ‘घ्या की’सुद्धा, हे कळल्यावर तुम्ही पाहुण्यांना आग्रहानं भात वाढताना ‘प्रेगो, प्रेगो’ करायला लागलात. पण तुमचा लाडका शब्द ‘पेर्मेस्सो’. दाराशी थांबून ‘आत येऊ का?’ असं विचारायचा. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी आमच्या खोलीत बेधडक शिरणाऱ्या तुम्ही, एक दिवस पडद्याबाहेरूनच म्हणालात, "पेर्मेस्सो?" मी हसले खरी. पण आत्या, त्या दिवशी मला हे घर थोडं जास्त माझं वाटलं.

पुढे एकदा तुम्ही विचारलंत, "धक्का लागला की स्कूझी म्हंत्यात. पर मानसाचं मन दुखावलं आसंल तर?"

पावलोला विचारून मी सांगितलं, "मी दिस्प्याचे. इंग्रजीत दोन्हीला सॉरीच चालतं, यांच्यात वेगळं आहे."

"आगं, ह्यात तर आपला ‘मी’ हाय!"

दोन दिवस तो शब्द तुम्ही मेथी निवडताना घोकत होतात. मला वाटलं, तुमचा खेळच चाललाय.

तिसऱ्या दिवशी मी पेपर तपासत होते. तुम्ही येऊन पलंगाच्या कडेला बसलात. "शुभे, तुझी आई लई आजारी व्हती, तवा म्या तुला आडवलं. जत्रा हाय, पावनं येनार, दोन दिसांनी जा म्हनलं." मग म्हणालात, "मी दिस्पियाचे."

दोन दिवसांनी मी माहेरी, संगमनेरला पोचले तेव्हा आई बोलण्यापलीकडे गेली होती. त्यानंतर नऊ वर्षांत आपण त्यावर चकार शब्द काढला नव्हता. आणि मी काय म्हणावं?

"दिस्पियाचे नाही आत्या, दिस्प्याचे."

चूक सुधारली तुमची! हातात लाल पेन तसंच होतं. तुम्ही मुकाट्यानं बरोबर म्हणून दाखवलंत, "आता जमलं?" विचारलंत आणि भाकरी टाकायला निघून गेलात.

डोळ्यांत पाणी येईल म्हणून चूक काढली. उद्या बोलू, परवा बोलू करत दीड महिना गेला, आणि एका सकाळी तुमचं हृदयच थांबलं.

पण तुम्हीही कमाल केलीत! हे साध्या मराठीत म्हणता आलं नसतं? की आपल्या भाषेत सुनेपुढे जीभ रेटली नसती, म्हणून परक्याचा शब्द उसना आणलात?

काल मी पावलोला विचारलं, "मी दिस्प्याचे म्हटल्यावर उत्तर काय द्यायचं?" तो म्हणाला, "नॉन फा निएन्ते." काही हरकत नाही.

मला ते म्हणवत नाही, आत्या. हरकत होती. फार होती. पण तुम्ही तो शब्द म्हणालात त्या संध्याकाळी मी नळ सोडून आईसाठी पोटभर रडले, आणि त्या रडण्यात पहिल्यांदाच तुमच्यावरचा राग नव्हता. एवढंच सांगायचं राहिलं.

माझ्या दादानं आई गेल्यापासून आपल्या घरी पाऊल टाकलेलं नाही. तुमच्या दहाव्यालाही आला नाही. तुम्ही माफी मागितलीत हे मी त्याला कधी सांगितलंच नाही. येत्या रविवारी संगमनेरला जाते. समोर बसून सांगते, की आमच्या आत्यांनी माफी मागितली आणि मी मनापासून माफ केलंय. तो चिडेल, उठून बाहेर जाईल. मी तिथेच बसून राहीन. परत आला की पुन्हा सांगेन. शब्द देते.

तुमची,
शुभा