दोन बोटं कमी

॥ श्री ॥

बुऱ्हाणपूर, २ डिसेंबर २०२४

ती. वन्संना, उषाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

फोन सोडून पत्र का, म्हणून आधी रागावू नका. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मोबाइलवर लिहून पाठवलं तर तुमचे वामनराव ते मोठ्यानं वाचतात. मग रविवारी सासूबाईंशी बोलताना त्यांच्या तोंडून निसटतंच. माझं अक्षर त्यांना लागत नाही, हे आज पहिल्यांदा बरं वाटलं.

वन्सं, तुमच्या भावाच्या डोक्यात गाठ निघाली आहे. कसं लिहावं याचा दोन दिवस विचार केला आणि शेवटी असं सरळच लिहिलं. दिवाळीपासून डोकं दुखत होतं. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून हे टाळत राहिले. मग शाळेत गणिताच्या तासाला उजवीकडच्या बाकांवरची मुलं हात वर करायची, ते ह्यांना दिसेनासं झालं. हेडमास्तरांनीच बळजबरीनं रजेवर पाठवलं. इंदूरला तपासून आलो. मागच्या बाजूला लिंबाएवढी गाठ आहे. डॉक्टर म्हणाले की साधी असावी, पण काढून बघितल्याशिवाय नक्की सांगता येत नाही. ऑपरेशनला नऊ जानेवारी धरून ठेवली आहे. त्याच्या पुढे ढकललं तर आधी नजर जाईल, मग माणूस.

आणि हे नाही म्हणतात. कारण काय, तर डोकं भादरावं लागणार. मामंजी गेले तेव्हा ह्यांनी डोकं केलं होतं. त्या वेळी सासूबाईंनी ह्यांना जवळ बसवून सांगितलं होतं की हे डोकं आता पुन्हा माझ्यासाठीच कर, त्याआधी नाही. मी तिथंच उभी होते. सव्वीस वर्षं झाली, पण हे तो शब्द धरून बसले आहेत. आई जिवंत असताना तिच्यासमोर तसा कसा उभा राहू, म्हणतात. तिला कळवायचं नाही अशी मला शपथही घातली आहे.

मला एकच सुचतं आहे. शाळेच्या कामाला इंदूरला जातो असं सांगून निघायचं आणि परत येताना ह्यांच्या डोक्यावर टोपी असायची. थंडीचे दिवस आहेत, कोणी काही म्हणणार नाही. विकतची घातली तर सासूबाई घरात काढायला लावतील. बायकोनं विणली आहे म्हटलं की निदान होळीपर्यंत राहील. तुम्ही जन्मभर शाळेत मुलींना क्रोशा शिकवलात, आता मला शिकवा. मला साखळी येते, त्यापुढे काही येत नाही.

भूमिकाला सांगितलं आहे. पोर कॉलेजातून आली की बापाच्या उजवीकडे बसते, हात धरून. मला फार भीती वाटते, वन्सं. लोभ आहेच, सध्या तो थोडा जास्त लागणार आहे.

आपली,
उषा

॥ श्री ॥

अमरावती, ७ डिसेंबर

चि. सौ. उषा हिस, गायत्रीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचत बसले. भात करपला. ह्यांनी विचारलं की वास येतोय, लक्ष कुठंय, तर म्हटलं मला शिट्टी ऐकू आली नाही. बहिरेपणाचा एवढा उपयोग पहिल्यांदाच झाला. वॉकर घेऊन चालते आहे, गुडघा अजून वाकत नाही, नाही तर मी पत्रामागोमाग तिथं आले असते.

आता नीट वाच. लोकर घेऊ नकोस, टाक्यांवर टोचेल. सुती दोरा घे, दुकानात मिल्क कॉटन म्हणतात तो. चार साखळ्यांचा गोल कर आणि त्यात बारा खांब घाल. दुसऱ्या फेरीत प्रत्येक घरात दोन खांब, म्हणजे चोवीस. तिसरीत एका घरात दोन, पुढच्या घरात एक. चौथीत दोन घरांत एकेक, तिसऱ्यात दोन. असं दर फेरीला बारा वाढतील. थाळी मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत आली की वाढवणं बंद. मग एका घरात एकच खांब, कान झाकेपर्यंत. एवढंच. टोपी म्हणजे वाढवणं कधी थांबवायचं ते कळणं, मी मुलींना हेच सांगायची.

माप जेवणानंतर तो खुर्चीत डुलक्या घेतो तेव्हा दोऱ्यानं घे आणि त्यातून दोन बोटं वजा कर. आमच्या घराण्याचे केस केरसुणीसारखे, ते गेले की डोकं लहान होतं. केसांच्या मापानं केलीस तर टोपी डोळ्यांवर येईल.

आणि एक लिहिते, रागावू नकोस. प्रभाकर आईला भीत नाही, तो ऑपरेशनला भितो आहे. देवीची लस टोचायला लोक आले तेव्हा हा पठ्ठ्या ज्वारीच्या कणगीत जाऊन बसला होता, आणि विचारलं तर म्हणाला की आईनं ज्वारी मोजायला सांगितली. तेव्हाही आईच पुढे केली होती. पण म्हणून आईला सांगायला जाऊ नकोस. तिचं वय शहाऐंशी. तिला कळलं तर त्याच्याआधी तिलाच दवाखान्यात न्यावं लागेल. हे मी तिची मुलगी म्हणून बजावते आहे.

देवाला रोज सांगते आहे. उत्तर लवकर टाक.

तुझी,
गायत्री

॥ श्री ॥

बुऱ्हाणपूर, १४ डिसेंबर

ती. वन्संना, उषाचा शि. सा. नमस्कार.

तुमची टोपी तर झालीच नाही, झालर झाली. प्रत्येक फेरीत प्रत्येक घरात दोन-दोन खांब घालत गेले. तुम्ही बारा वाढवायला सांगितलं होतं, माझ्याकडून दुप्पट होत होते. हात चालू राहिला की मन थोडं गप्प बसतं, म्हणून थांबलेच नाही. तळलेल्या पापडासारखी कडेनं वर-खाली झाली, तेव्हा भूमिकानं हातातून काढून घेतली. सगळी उसवली.

सासूबाईंना अंधुक दिसतं, पण माझ्या मांडीवर काहीतरी आहे हे त्यांनी ओळखलं. कोणासाठी म्हणून विचारलं. मी म्हणून गेले की वामनरावांसाठी, वन्संनीच करायला सांगितलं. त्यावर त्या हसल्या की जावयाला टोपी घालायला आता सून निघाली. तुमच्या नवऱ्याचं नाव घेतलं त्याची माफी असावी.

आता खरं ते सांगते. परवा जेवताना ह्यांनी विचारलं की आज भाजी केली नाही का. वन्सं, मेथीची भाजी ताटात उजवीकडे वाढलेली होती. चटणी, कोशिंबीर, लिंबू, डावीकडचं सगळं ह्यांनी खाल्लं होतं आणि पोळी भाजीवाचून कोरडी खात होते. मी काही न बोलता ताट फिरवलं. ह्यांनी भाजी बघितली, मग माझ्याकडे बघितलं आणि उठून गेले. कालपासून मी भाजी डावीकडेच वाढते. हे मुकाट्यानं खातात.

आज पुन्हा विचारलं, तर म्हणाले की गाठ साधी असेल तर राहू दे की. निंबोल्याला चुलतभावाच्या केळीच्या बागेत एकाला म्हणे बारा वर्षं अशी गाठ होती. मी विचारलं, तो माणूस आता कुठंय. सव्वीस दिवस उरले आहेत आणि माझ्या हातात नुसता दोरा आहे.

आशीर्वाद पाठवत राहावे.

आपली,
उषा

॥ श्री ॥

अमरावती, १९ डिसेंबर

चि. सौ. उषा हिस, अनेक आशीर्वाद.

उसवलीस ते बरं केलंस. पुन्हा घाल आणि फेरीच्या पहिल्या खांबाला रंगीत दोरा बांधून ठेव, म्हणजे फेरी संपली ते कळेल.

भाजीचं वाचल्यापासून मला जेवताना ताटाकडे बघवत नाही. कणगीतल्या पोराची थट्टा केली, त्याचं वाईट वाटतं आहे. मलाही तितकीच भीती वाटते गं, फक्त मी मोठी असल्यामुळे मला तसं म्हणायची सवय नाही. त्याच्यासाठी सोबत वेगळी चिठ्ठी आहे, एकाच ओळीची. तू इंदूरला गेला नाहीस तर मी वॉकर घेऊन येईन आणि तुला गाडीत घालून नेईन, असं लिहिलं आहे. तो हसेल. हसला तरी कळव.

आईला सांगायचं नाही, पुन्हा बजावते.

तुझी,
गायत्री

॥ श्री ॥

बुऱ्हाणपूर, ३० डिसेंबर

ती. वन्संना, उषाचा शि. सा. नमस्कार.

तुमची चिठ्ठी वाचून हे हसले नाहीत. घडी करून खिशात ठेवली.

तुमची आज्ञा मोडली गेली आहे. मी मोडली नाही, टोपीनं मोडली. काल सकाळी टोपी पुरी झाली. राखाडी रंगाची, कडेला एक निळी फेरी. खरंच चांगली झाली होती आणि मला इतका आनंद झाला की वेड्यासारखी ती सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी बोटं फिरवली, मूठ आत घालून ताणून बघितली आणि विचारलं की ही कोणाची म्हणालीस. मी म्हटलं वामनरावांची. तर म्हणाल्या की लग्नात जावयासाठी आणलेला फेटा डोक्याला पुरला नव्हता, दुसरा मागवावा लागला होता, त्या टरबुजाला ही टोपी कशी बसेल. खोटं बोलायचं तर माप तरी खरं घ्यायचं, सूनबाई.

मग त्यांनी ह्यांना हाक मारली, खाली बसवलं आणि टोपी डोक्यावर घातली. केसांवर ती बसेना. नुसती वर टेकून राहिली. त्यांनी दोन्ही बाजूंनी चाचपून बघितलं, किती कमी पडते ते. दोन बोटं. वन्सं, मला दिसलं की त्यांना कळलं. हे माप केस असलेल्या डोक्याचं नव्हतंच. पोऱ्या, काय लपवतोस, एवढंच त्यांनी विचारलं आणि ह्यांनी सगळं सांगून टाकलं, गाठ, तारीख, उजवी बाजू, भाजीसुद्धा.

मला वाटलं आता ह्या कोसळतील. मी पाण्याचा तांब्या घेऊनच उभी होते. त्या उठल्या, देवापाशी गेल्या, दुपारपर्यंत तिथंच बसल्या. जेवल्या नाहीत. तिसऱ्या प्रहरी भूमिकाला पाठवून चौकातल्या गिरधर न्हाव्याला बोलावून घेतलं. गिरधर ओसरीवर बसला, पण वस्तरा काढेना. माय समोर बसली असताना मुलाचं डोकं मी नाही करणार, मला पाप लागेल, म्हणाला. त्यावर सासूबाईंनी त्याला असं झाडलं की तो बिचारा केस भिजवायला लागला. पाप माझ्या खात्यावर लिही आणि फालतू बात करू नको, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मग ह्यांना समोर बसवून म्हणाल्या की हे डोकं तू मला कबूल केलं होतंस ना? मग माझ्या वाट्याचं मला जित्तेपणी दे. मी गेल्यावर करू नकोस, तेव्हा मला दिसणार नाही. माझं मला आज पोचलं, हिशेब मिटला.

आणि मग हे रडले. लहान पोरासारखे. म्हणाले की आई, तुझा शब्द वगैरे काही नाही गं, मला टेबलावर झोपायची भीती वाटते, परत उठलो नाही तर. तुम्ही लिहिलं होतं तेच. त्या म्हणाल्या की मला ठाऊक आहे, मीच तुला कणगीतून काढला होता. संपूर्ण डोकं होईस्तोवर त्यांनी ह्यांचा हात सोडला नाही. केस स्वतः पदरात गोळा केले. आता टोपी बरोबर बसते.

सात तारखेला निघतो. सासूबाईंजवळ भूमिका राहील. मला आता त्यांचीही भीती वाटते आहे, इतक्या शांत आहेत. तुमचे हात पाठीवर आहेत असं समजून जाते.

आपली,
उषा

॥ श्री ॥

इंदूर, १२ जानेवारी २०२५

ती. वन्संना, उषाचा शि. सा. नमस्कार.

भूमिकानं वामनरावांना कळवलं आहेच की ऑपरेशन झालं आणि हे शुद्धीवर आले. सहा तास लागले. दाराशी नर्सनं टोपी काढून माझ्या हातात दिली आणि तेवढा वेळ मी ती धरून बसले होते. दर वेळी दार उघडलं की माझा जीव जायचा. गाठ पूर्ण निघाली म्हणतात. तपासणीचा कागद आठ दिवसांनी येईल. तोवर गाठ कसली होती ते कळणार नाही. उजवीकडचं दिसेल की नाही, तेही आत्ताच सांगत नाहीत. तेव्हा सुटका झाली असं मी अजून म्हणत नाही.

पण जे फोनवर कोणालाच सांगितलं नाही ते तुम्हाला लिहिते. भूल देताना नळीची पट्टी नीट चिकटावी म्हणून ह्यांची मिशीही काढलेली होती. मला ठाऊक नव्हतं. आयसीयूत पाच मिनिटं सोडलं तेव्हा ह्यांचे डोळे अर्धवट उघडे होते. हात वर गेला. पट्टीखाली मानेवर फिरला, तिथं केस नाहीत. मग ओठावर आला, तिथं मिशी नाही. आपल्याकडे डोकं आणि ओठ दोन्ही कोरे कधी होतात, ते तुम्हाला सांगायला नको. औषधाच्या गुंगीत आधीचं सगळं पुसलं गेलं होतं. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मला विचारलं की आई कधी गेली.

मी सांगत राहिले की आई आहेत, घरी आहेत. ऐकेचनात. मला न सांगता नेलंत, शेवटचं तोंडही दाखवलं नाहीत, असं तुटक तुटक म्हणत हुंदके द्यायला लागले. नर्स घाबरली, डोक्याला जोर पडता कामा नये म्हणून. मी तिच्या पाया पडले आणि भूमिकाला फोन लावून ह्यांच्या कानाशी धरला. पलीकडून सासूबाईंनी सगळं ऐकलं. मग खणखणीत आवाज आला की मेल्या, मी इथं जित्ती बसले आहे, गवार मोडते आहे, गप झोप. ह्यांनी दोनदा आई म्हटलं. त्यांनी दोनदा ओ दिली. मग हे झोपले.

मी बाहेर येऊन पुन्हा फोन लावला. म्हटलं, वाईट वाटून घेऊ नका, ते शुद्धीत नव्हते. सासूबाई हळूच म्हणाल्या की उषा, लोकांच्या आया गेल्यावर त्यांची पोरं कशी रडतात ते त्यांना कुठं ऐकायला मिळतं. मी ऐकलं. आता कागद कसाही येवो, तू त्याला माझ्याकडे घेऊन ये.

शनिवारी निघता येईल, असं डॉक्टर म्हणतात. पत्र सांभाळून ठेवा, वामनरावांना वाचायला दिलंत तरी आता चालेल. तुमचा लोभ पुरून उरला, तो असाच राहावा.

आपली,
उषा